आधी रिंग सरळ करा, मग स्टेडियमचं बोला

सोमवार, २३ जून २०२५. दोन्ही पालख्या आदल्याच दिवशी पुण्याबाहेर पडल्या होत्या आणि शहर जरा सुस्तावलेलं होतं. पहाटे साडेपाचला ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स यांच्यातला, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना सुरू झाला. चहाचा दुसरा कप संपेपर्यंत निकाल लागला. १०३-९१, थंडर विजेते.

पुण्यात लेकर्स आणि वॉरियर्सच्या बनियनी रग्गड दिसतात, थंडरची क्वचित. या संघाच्या प्रेमात पडलेले बहुतेक जण २०१२ च्या आसपास ड्युरंट, वेस्टब्रूक आणि हार्डन या तिघा खेळाडूंना बघून अडकलेले. त्यांच्या वाट्याला पुढे काय आलं? त्याच वर्षी अंतिम फेरीत मायामीकडून ४-१ हार. २०१६ मध्ये वॉरियर्सविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन हातची मालिका घालवणं. आणि त्याच उन्हाळ्यात ड्युरंट उठून त्याच वॉरियर्सकडे गेला. तेव्हा या मंडळींनी पेढे वाटले तर कुणी नाक मुरडू नये.

पेढे संपले की मात्र एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपल्याकडे असं स्टेडियम कधी होणार?’ या वाक्याला माझा विरोध आहे. विजेतेपदाचं दिसणारं टोक ते स्टेडियम. ते जिथून वर आलं तिकडे बघितलं, तर पुण्याने आधी काय करायला हवं याचं उत्तर वेगळं निघतं, आणि बरंच स्वस्तही.

आधी संघ कसा घडला ते पाहू. जुलै २०१९ मध्ये थंडरने पॉल जॉर्जसारखा मोठा खेळाडू क्लिपर्स या दुसऱ्या संघाला देऊन टाकला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा वीस वर्षांचा पोरगा, डॅनिलो गॅलिनारी आणि ड्राफ्टच्या, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू वाटून घेण्याच्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीतल्या भावी निवडींचा गठ्ठा घेतला. त्याच गठ्ठ्यातल्या एका निवडीतून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. मधली दोन वर्षं हालाखीची गेली. २०२०-२१ मध्ये ७२ सामन्यांत फक्त २२ विजय, त्यापुढच्या वर्षी ८२ पैकी २४. नंतर ४०, ५७ आणि शेवटी ६८. याच संघातल्या लू डॉर्टला तर निवड प्रक्रियेत कुणी घेतलंच नव्हतं. अ‍ॅलेक्स करूसोचंही तेच, आणि तो कधीकाळी याच शहराच्या दुय्यम संघात, ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये खेळून गेलेला. प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट पाच वर्षं त्या ब्लूचेच प्रशिक्षक होते. २२ विजयांच्या वर्षात त्यांना कुणी घरी बसवलं नाही.

आता हाच हिशेब आपल्या एखाद्या शाळेला लावून बघा. संघ विभागीय फेरीत हरला की पुढच्या जूनमध्ये प्रशिक्षक बदललेला असतो, कारण नेमणूकच मुळी वर्षाच्या करारावर. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे पालकांचा डोळा प्रमाणपत्रावर. आठवीतल्या उंच मुलाला डाव्या हाताने ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणं, शिकवायला दोन हंगाम लागतात. ते दोन हंगाम द्यायला कुणी तयार नसतं, मग त्याला रिंगखाली उभं करून ‘बॉल आला की टाक’ एवढंच सांगितलं जातं. कॉलेजात गेल्यावर तोच मुलगा साधारण उंचीचा ठरतो. ड्रिबल येत नाही, शॉट नाही, संपलं.

विजयाबद्दल आणखी दोन गोष्टी थंडरच्या चाहत्याने स्वतःशी तरी कबूल करायला हव्यात. पहिली म्हणजे हॅलिबर्टन. पेसर्सचा हा मुख्य गार्ड दुखरी पोटरी घेऊन उतरला, पहिल्या क्वार्टरमध्येच लांबून तीन गुणांचे तीन शॉट मारून नऊ गुण केले, आणि मग त्याच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला. तरीही मध्यंतराला पेसर्स ४८-४७ असे पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरने ३४-२० असा घाव घातला तेव्हा कुठे सामना फिरला. गिल्जस-अलेक्झांडरचे २९ गुण आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण करून देणारे पास) खरेच, पण समोर पूर्ण पेसर्स नव्हते हेही खरं.

दुसरी गोष्ट सिएटल. हा संघ १९६७ पासून ४१ वर्षं सिएटलचा होता, ‘सुपरसॉनिक्स’ या नावाने. १९७९ मध्ये तिथे त्याने विजेतेपदही मिळवलं. २००६ साली सिएटलच्या मतदारांनी खेळाच्या संघांवर सार्वजनिक पैसा उधळायला बंधनं घालणारा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर केला. २००८ मध्ये संघ ओक्लाहोमाला गेला. म्हणजे एका शहराने मतपेटीतून ‘नाही’ म्हटलं आणि संघ गमावला, दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं आणि कमावला. दोन्ही ठिकाणी लोकांना विचारलं गेलं, हे मात्र विसरता कामा नये.

ओक्लाहोमाच्या त्या ‘हो’चा क्रम बघण्यासारखा आहे. १९९३ मध्ये तिथल्या नागरिकांनी विक्रीवर डॉलरमागे एक सेंट, म्हणजे शंभरात एक, असा जादा कर स्वतःवर लावून घेतला. त्याला मुदत होती. कामांची यादी आधी जाहीर झालेली होती: ग्रंथालय, कालवा, बेसबॉलचं मैदान आणि एक बंदिस्त क्रीडागृह. कर्ज काढायचं नाही, पैसा जमेल तसं बांधायचं, आणि देखरेखीला नागरिकांचं मंडळ. क्रीडागृह उघडलं २००२ मध्ये. पण त्याआधीच, २००१ मध्ये, याच पद्धतीचा दुसरा कर मंजूर झाला होता आणि तो होता शाळांच्या इमारतींसाठी. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्सचा संघ बेघर झाला, तो दोन हंगाम इथे येऊन राहिला. तेव्हा साधारण सव्वापाच लाख वस्तीच्या या शहराला प्रेक्षक आहेत हे सिद्ध झालं. मग २००८ मध्ये स्वतःचा संघ. विजेतेपद उजाडायला २०२५ उजाडलं.

पहिल्या करापासून बत्तीस वर्षं झाली. या सगळ्यात व्यावसायिक संघाच्या आधी शाळा आल्या.

आता उलट बाजू. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्याच मतदारांनी किमान नव्वद कोटी डॉलरच्या नव्या क्रीडागृहाला सुमारे ७१ टक्के मतांनी मान्यता दिली. मालकांचा वाटा फक्त पाच कोटी डॉलर. अब्जाधीश मालकांना लोकांनी एवढी सूट का द्यावी, हा प्रश्न तिथेही विचारला गेला आणि तो रास्तच आहे. पण त्या नागरिकाला आपण काय विकत घेतोय ते माहीत होतं, कारण संघ २०५० पर्यंत शहरात राहील असा करार समोर होता. पुण्यात उद्या पंधरा हजार खुर्च्यांचं बास्केटबॉल स्टेडियम बांधलं तर त्यात घरचा म्हणून कुठला संघ खेळणार? वर्षातले किती दिवस? उरलेल्या दिवसांत तिथे लग्नं आणि प्रदर्शनं लागतील, आणि मुलं शेजारच्या पार्किंगमध्येच खेळत राहतील. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. ते हवंच होतं. पण कात्रजच्या किंवा वडगाव शेरीच्या मुलीला रोज संध्याकाळी बालेवाडी गाठणं शक्य नसतं. तिला लागतं चालत दहा मिनिटांवरचं कोर्ट.

ती कोर्टं शहरात नाहीत असं कुणी म्हणू नये. शाळांमध्ये आहेत, कॉलेजांत आहेत, महापालिकेच्या मैदानांच्या कोपऱ्यांत आहेत, सोसायट्यांत आहेत. खेळण्याजोगी किती, हा प्रश्न.

एक मोजपट्टी आणि एक बॉल घेऊन आपल्या जवळच्या कोर्टावर जा. आधी रिंगची उंची मोजा. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट, हवी. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी मोजायची. नियमाला ६ मिलिमीटरच्या वर फरक चालत नाही. आपल्याकडे सहा सेंटिमीटरचा फरक सापडला तरी आश्चर्य वाटू नये. रिंग पुढच्या बाजूला झुकलेली असते, कारण मुलं लोंबकळतात. ती लोंबकळणारच. दोष असतो रिंग बसवण्यात. प्लायवूडच्या बोर्डाला चार भोकं पाडून नुसते नटबोल्ट आवळलेले असतात. पावसाचं पाणी प्लायमध्ये मुरतं, प्लाय फुगतो, भोकं लांबट होतात आणि रिंग मान टाकते. बोर्डाच्या मागे ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी टाकून बोल्ट थेट खांबाच्या फ्रेमला आवळले की भार बोर्डावर येतच नाही. हे काम साधा वेल्डर अर्ध्या दिवसात करतो.

उंची बिघडण्याचं दुसरं कारण खास आपल्या ओळखीचं. जुना कोबा न उखडता त्यावरच नवा थर ओतायचा. पेठांमधल्या जुन्या घरांचे उंबरे जसे रस्त्याच्या खाली गेले, तशीच रिंगही दर डागडुजीला खाली येते. सात सेंटिमीटरचा थर म्हणजे रिंग सात सेंटिमीटर ठेंगणी. या रिंगवर दोन वर्षं फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा, सराव केलेली मुलगी स्पर्धेत खऱ्या दहा फुटांवर उभी राहते आणि तिचा प्रत्येक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतो. प्रशिक्षक म्हणतात, दडपण आलं. दडपण नव्हे हो, सात सेंटिमीटर!

मग खांब. बोर्डाचा पुढचा चेहरा शेवटच्या रेषेपासून १.२० मीटर आत हवा आणि खांब रेषेच्या बाहेर किमान दोन मीटर. म्हणजे खांबाचा हात तीन मीटरपेक्षा लांब लागतो. तेवढा पाइप वाचवायचा म्हणून खांब रेषेवरच रोवतात. ले-अप करून, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून बॉल टाकून, वेगाने येणारं मूल सरळ लोखंडावर जातं. दात पडलेले, भुवई फाटलेली, हे प्रकार त्यातूनच होतात. खांब हलवणं जमत नसेल तर निदान २.१५ मीटर उंचीपर्यंत जाड फोमचं पॅडिंग बांधायलाच हवं. जुनी गादी दोरीने गुंडाळली तरी काही नसल्यापेक्षा बरी.

रेषांची कथा तर पुरातत्त्व खात्याकडे द्यावी अशी. ऑक्टोबर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले. रिंगखालचा चौकटीचा भाग समलंब होता, तो ४.९० मीटर रुंदीचा आयत झाला, आणि थ्री पॉइंटची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली. त्यानंतर जन्मलेली मुलं आता शाळेच्या संघातून खेळतात, तरी कित्येक कोर्टांवर जुनाच समलंब रंगवलेला दिसतो. कारण रंगारी जुन्या पुसट रेषेवरूनच ब्रश फिरवतो, नवं माप त्याच्या हातात कुणी देत नाही. फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या चेहऱ्यापासून ४.६० मीटरवर मोजायची, भिंतीपासून किंवा खांबापासून नव्हे, एवढं कागदावर लिहून दिलं तरी निम्म्या चुका टळतील.

जमीन हा सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात बिघडलेला भाग. पेव्हर ब्लॉकवर बास्केटबॉल होत नाही. बॉल सांध्यावर पडला की तिरका उडतो आणि मूल खाली बघून ड्रिबल करायला शिकतं. ही सवय पुढे मोडणं महाकठीण. नीट हवा भरलेला बॉल साधारण १.८० मीटरवरून सोडला तर उसळीनंतर त्याचं वरचं टोक १.२० ते १.४० मीटरच्या दरम्यान पोहोचायला हवं. कोर्टावर दहा जागी हे करून बघा. जिथे बॉल मेल्यासारखा बसतो तिथे कोबा खालून पोकळ झालेला असतो. टाचेने ठोकलं तरी आवाजात कळतं.

सिंथेटिक रंगाचा थर द्यायचा तर खालचं काँक्रीट किमान २८ दिवस मुरलेलं, वाळलेलं हवं. आपल्याकडे निधी असतो मार्चअखेरचा. काँक्रीट फेब्रुवारीच्या शेवटी पडतं, रंग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चढतो, बिल ३१ तारखेच्या आत निघतं. आतल्या ओलीला वाट मिळत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात निळ्या-लाल रंगाला पोळीसारखे फुगे येतात. त्यात ढाळ चुकलेला. कोर्टाला एकाच दिशेने, एका बाजूच्या रेषेकडून दुसरीकडे, शंभरात एक एवढा ढाळ पुरतो. पंधरा मीटर रुंदीला पंधरा सेंटिमीटर, आणि खालच्या बाजूला उघडं गटार. पाऊस थांबल्यावर तासाभरानेही कुठे नाण्याच्या जाडीपेक्षा, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरपेक्षा, जास्त पाणी साचलेलं दिसलं तर तो खळगा भरून घ्यायलाच हवा. तिथेच शेवाळं धरतं आणि तिथेच गुडघे मुरगळतात.

पावसाळ्याचा मुद्दा निघालाच आहे तर शालेय स्पर्धांचा हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो हेही सांगायला हवं. तयारी जून-जुलैत करायची आणि तेव्हाच उघडी कोर्टं ओली. सराव म्हणजे वर्गात बसून फळ्यावर चाली काढणं. माझ्या मते शहराला इमारत बांधायचीच हौस असेल तर स्टेडियमऐवजी पत्र्याच्या शेड बांधाव्यात. २८ बाय १५ मीटरचं कोर्ट आणि चारही बाजूंना दोन मीटर मोकळी जागा धरली तर ३२ बाय १९, म्हणजे ६०८ चौरस मीटरवर छप्पर. खालून किमान सात मीटर मोकळी उंची, बाजू उघड्या, पावसाची झड येते त्या पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला छप्पर पुढे काढलेलं. खुर्च्या नकोत, वातानुकूलन नको. एका मोठ्या क्रीडागृहाच्या पैशात अशा किती शेड होतील याचा अंदाज कुठलाही स्थापत्य अभियंता दहा मिनिटांत देईल.

जागा नसेल तिथे अर्धं कोर्ट. तीन विरुद्ध तीन हा प्रकार टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आहे. १५ बाय ११ मीटर जागा, एकच रिंग, दहा मिनिटं किंवा २१ गुण, बारा सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा. पुण्यातल्या दाट वस्तीसाठी हा खेळ जणू मापून शिवलाय. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्याच खांबावर २.६० मीटरवर दुसरी रिंग आणि पाच नंबरचा बॉल. सात नंबरचा जड बॉल तिसरीतल्या मुलाच्या हातात देणं म्हणजे त्याला कमरेपासून बॉल भिरकावण्याची सवय लावणं.

आता खरी गाठ, किल्लीची. शाळेचं कोर्ट दुपारी शाळा सुटली की कुलूपबंद. शाळांच्या बाजूने बोलायचं तर त्यांची भीती खोटी नाही. बाहेरची माणसं येतात, दारूच्या बाटल्या सापडतात, एखादं मूल पडलं तर जबाबदार कोण हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या डोक्यावर बसतो. शिवाय मैदान उघडलं की पंचविशीतले टगे ताबा घेतात आणि मुली आठवड्याभरात दिसेनाशा होतात. म्हणून नुसतं ‘मैदानं खुली करा’ म्हणून भागत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ, त्यात पहिला दीड तास अठरा वर्षांखालच्यांसाठी, आठवड्यातले तीन दिवस फक्त मुलींसाठी, आणि दाराशी पगारी माणूस. या माणसाचा पगार रिंगपेक्षा महाग पडतो, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच धरलेला नसतो. बांधकामाची तरतूद असते, राखणीची नसते. दिवेही असेच. खांब रिंगच्या मागे रोवतात, शॉट घेताना डोळ्यांत झोत. दिवे लांबीच्या दोन्ही बाजूंना हवेत. सरावाला दोनशे लक्स उजेड पुरतो.

पैसा कुठून, तर पुणे महापालिकेत नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज करायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. बाकडी आणि पदपथ यांतच हा पैसा जातो, कारण सुचवणारे तेवढंच सुचवतात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा नगरसेवकाच्या दारात जायची वाटही बंद झाली होती. अर्जाची खिडकी उरलीच होती. दोन रिंगा, लोखंडी पट्ट्या, दोन बोर्ड, खांबांचं पॅडिंग, मापात रेषा आणि चार दिवे एवढं पाच लाखांच्या आत बसतं. मात्र अर्जात ‘बास्केटबॉल कोर्टाचे सुशोभीकरण’ असं लिहू नये. तसं लिहिलं की भिंतीवर खेळाडूचं चित्र रंगवून मिळतं आणि रिंग तशीच वाकडी राहते. उंची ३.०५, खांब रेषेबाहेर २ मीटर, फ्री थ्रो ४.६०, ढाळ शंभरात एक, रंगाआधी २८ दिवस, असे आकडेच लिहावेत. काम झाल्यावर मोजपट्टी घेऊन तपासायला मग तेच कामी येतात.

आणि नेट. बारा फासे, चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, नायलॉनची. नेट नसेल तर स्वच्छ गेलेला शॉट आणि रिंगखालून गेलेला एअरबॉल लांबून सारखेच दिसतात, आणि मुलांचा अर्धा वेळ ‘गेला’ आणि ‘नाही गेला’ यावर भांडण्यात जातो. ऊन-पावसात नेट वर्षभरात कुजते. ती बदलायला निविदा लागत नाही, एक शिडी लागते.